इलेक्ट्रिक गिटार आणि व्हॉल्व्हचे विवर्धक : अडगळीतल्या पेटीची ओळख

मंगल कार्ये, भजनी मंडळे आणि गणेशोत्सवाचे मंडप यांना ध्वनिक्षेपक पुरविणाऱ्या दुकानांच्या माळ्यावर एके काळी लोखंडी पेटीतले जड विवर्धक ओळीने मांडलेले असत. आत काचेच्या नळ्या, चालू केल्यावर त्यांच्या तळाशी मंद नारिंगी उजेड, आणि आवाज येण्यापूर्वी अर्धा-पाऊण मिनिटाची वाट. बोलीभाषेत त्यांना ‘व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर’ म्हणत. ट्रान्झिस्टरवर चालणारे हलके विवर्धक स्वस्त झाले तसे हे जुने यंत्र मागे पडले आणि त्यातील ट्रान्सफॉर्मर तांब्याच्या भावाने भंगारात जाऊ लागले. त्याच घराण्याचे, त्याच जातीच्या नळ्यांवर चालणारे गिटारचे विवर्धक मात्र जगभरचे वादक आणि संग्राहक आज मोठी किंमत देऊन मिळवितात. मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर यांसारख्या मराठीभाषी सीमावर्ती गावांत काय, किंवा गोव्यात काय, हा वारसा नेमका कोणता, तो कसा ओळखावा आणि कसा सांभाळावा, याची ही माहिती.

इलेक्ट्रिक गिटारचे कार्य

साध्या गिटारचा आवाज तिच्या पोकळ लाकडी पेटीत घुमून मोठा होतो. इलेक्ट्रिक गिटारमध्ये हे काम पेटीकडे नसते. तारांच्या खाली चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. याला ‘पिकअप’ म्हणतात. पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रात कंप पावली की वेटोळ्यात त्याच वारंवारतेचा सूक्ष्म विद्युत्प्रवाह निर्माण होतो. म्हणूनच नायलॉनच्या तारा अशा गिटारवर निरुपयोगी ठरतात. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरसारख्या गिटारच्या एका पिकअपमध्ये केसाहून बारीक तारेचे सुमारे आठ हजार वेढे असतात. नेहमीच्या स्वरमेळात सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ कंपने करते, तर सर्वांत बारीक तार सुमारे ३३०.

या वाद्याचा व्यावसायिक आरंभ १९३०च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेत झाला. जॉर्ज बोशां आणि अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी बाजारात आणलेली अ‍ॅल्युमिनियमची गिटार तिच्या आकारामुळे ‘फ्राइंग पॅन’, म्हणजे तव्याच्या नावाने ओळखली गेली. ती मांडीवर आडवी ठेवून तारांवर धातूचा दांडा सरकवीत वाजविण्याची, हवाईयन पद्धतीची गिटार होती. भरीव लाकडाच्या गिटारला १९५०नंतर खरा बाजार मिळाला. लिओ फेंडर यांची टेलिकास्टर १९५१ मध्ये त्या नावाने आली, स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये. गिब्सन कंपनीची लेस पॉल १९५२ मध्ये. एकेरी वेटोळ्याच्या पिकअपमध्ये विजेच्या तारांमुळे घरघर शिरते. ती घालविण्यासाठी सेथ लव्हर यांनी गिब्सनकरिता उलट दिशेच्या दोन वेटोळ्यांचा पिकअप रचला. ‘हमबकर’ हे त्याचे नाव; १९५७ पासून तो गिब्सनच्या गिटारींवर दिसू लागला.

नळी काय करते

पिकअपमधून निघणारा प्रवाह इतका क्षीण असतो की त्याने ध्वनिक्षेपकाचा पडदा हलत नाही. तो वाढविणारे यंत्र म्हणजे विवर्धक. जॉन अ‍ॅम्ब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये दोन अग्रांची निर्वात नळी बनविली आणि ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये तिच्यात तिसरे अग्र घातले. या तिसऱ्या अग्राला जाळी म्हणतात. नळीतील ऋणाग्र तापले की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडून धनाग्राकडे धावतात. वाटेतल्या जाळीवर दिलेला लहानसा विद्युत्‌दाब या मोठ्या प्रवाहाला कमी-जास्त करतो. पाटाच्या तोंडाशी बसवलेली हलकी फळी जसे पाण्याचे लोंढे आवरते, तसेच हे काम.

गिटारच्या विवर्धकात प्रारंभीच्या टप्प्याला बहुधा ईसीसी ८३ ही नळी असते. अमेरिकेत तिलाच १२एएक्स७ म्हणतात. शेवटच्या, शक्ती पुरविणाऱ्या टप्प्यात ईएल ८४, ईएल ३४, ६व्ही६ किंवा ६एल६ या नळ्या असतात. ईएल ८४च्या जोडीतून साधारण १५ ते १८ वॉट मिळतात, ईएल ३४च्या जोडीतून सुमारे ५०.

या नळ्यांना मर्यादेपलीकडे ताण दिला की त्या ध्वनीची टोके एकदम छाटत नाहीत. हळूहळू दाबत नेतात. त्यातून मूळ स्वराचे उपस्वर वाढतात आणि आवाज भरीव, काहीसा खरखरीत, पण कानाला सुसह्य होतो. भाषणासाठी हा दोषच होय. गिटारवादकांनी मात्र त्याचे शैलीत रूपांतर केले. वादकाने तार हळू छेडली तर स्वच्छ स्वर आणि जोरात छेडली तर फाटलेला स्वर, हे नियंत्रण बोटांतच राहते. जुन्या नळ्यांची मागणी टिकून राहण्याचे मुख्य कारण हेच आहे.

काही विवर्धक या इतिहासातले मैलाचे दगड मानले जातात. फेंडरचा बासमन मुळात बास गिटारसाठी होता, तरी १९५०च्या दशकाच्या अखेरीस गिटारवादकांनी तो उचलून धरला. लंडनमध्ये वाद्यांचे दुकान चालविणारे जिम मार्शल आणि त्यांचे सहकारी यांनी त्याच मंडलावरून १९६२च्या सुमारास जेटीएम ४५ तयार केला. ईएल ८४च्या चार नळ्यांचा व्हॉक्स एसी ३० ब्रिटिश वादकांच्या पसंतीस उतरला. ‘क्वीन’ या संघाचे ब्रायन मे यांचा आवाज याच विवर्धकाशी जोडलेला आहे. त्यांची गिटार त्यांनी आणि त्यांच्या वडिलांनी १९६३ पासून घरीच, जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडापासून घडविली होती. त्याच संघाचा गायक फ्रेडी मर्क्युरी सातारा जिल्ह्यातील पाचगणीच्या शाळेत शिकला होता.

भारतातील वाटचाल

भारतात इलेक्ट्रिक गिटारला पहिली लोकप्रियता मिळाली ती हवाईयन पद्धतीमुळे. तारेवर दांडा सरकविल्याने मींड सहज निघते आणि ती भारतीय कानाला ओळखीची वाटते. व्हॅन शिप्ली आणि हजारा सिंग यांनी चित्रपटगीतांच्या सुरावटी इलेक्ट्रिक गिटारवर वाजवून तबकड्या काढल्या. शिप्ली यांच्यासोबत अ‍ॅकॉर्डियनवर अनेकदा पुण्याचे इनॉक डॅनियल्स असत. १९६५च्या ‘गुमनाम’ या चित्रपटात टेड लायन्स यांचा संघ हाती इलेक्ट्रिक गिटारी घेऊन पडद्यावर दिसला आणि लाखो प्रेक्षकांना हे वाद्य प्रथम डोळ्यांनी पाहायला मिळाले.

मुंबईच्या या संगीतविश्वात गोमंतकीय वादकांचा वाटा फार मोठा होता. गिटारपुरते बोलायचे तर गोमंतकीय कुटुंबात १९३६ मध्ये मुंबईत जन्मलेले अमान्सियो डिसिल्वा हे महत्त्वाचे नाव. साठच्या दशकात ते लंडनला गेले. तेथे त्यांचे ‘इंटिग्रेशन’ आणि सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्यासमवेतचे ‘हम दोनो’ हे संग्रह १९६९ मध्ये निघाले. ‘कोकण डान्स’ हे त्यांचे ध्वनिमुद्रण सत्तरच्या दशकाच्या आरंभीचे असले तरी प्रसिद्ध झाले २००६ मध्ये. पुढच्या पिढीत रेमो फर्नांडिस यांनी १९८४ मध्ये ‘गोवन क्रेझी’ हा संग्रह घरच्या घरी ध्वनिमुद्रित केला.

मराठी घरांतूनही या संगीताकडे वळलेले कलावंत निघाले. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे या नाट्यदांपत्याचे पुत्र नंदू भेंडे सत्तरच्या दशकात मुंबईतील रॉक संघांतून गात असत. महेश तिनईकर हे १९८४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘रॉक मशीन’ या संघाचे गिटारवादक. हाच संघ पुढे ‘इंडस क्रीड’ झाला. आयातीवरील निर्बंधांच्या त्या काळात परदेशी गिटार अथवा विवर्धक मिळविणे कठीण होते. वादक कोणा नातेवाइकामार्फत, जहाजावरील खलाशामार्फत किंवा देश सोडून जाणाऱ्या परदेशी माणसाकडून वस्तू मिळवीत. बाकीचे काम स्थानिक सुतार आणि रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर भागवीत.

पांढुर्णा आणि सौंसर

छिंदवाड्यातून २०२३ मध्ये वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात हे दोन्ही तालुके येतात. पांढुर्णा नागपूर-इटारसी लोहमार्गावर, सौंसर नागपूर-छिंदवाडा मार्गावर. संत्र्यांच्या बागा, पोळा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर होणारी गोटमार आणि जामसावळीचे हनुमान मंदिर ही या भागाची ओळख. राज्याची राजधानी भोपाळ असली तरी बाजार, दवाखाना आणि भाषा यांचा ओढा नागपूरकडे. १९५६ पर्यंत तर राजधानीही नागपूरच होती.

या भागात व्हॉल्व्हचा इतिहास गिटारमधून आला नाही. तो रेडिओ आणि भोंग्यातून आला. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. ते ऐकवणाऱ्या घरगुती रेडिओच्या अखेरच्या टप्प्यात अनेकदा ईएल ८४ हीच नळी असे. व्हॉक्सच्या विवर्धकातही तीच. १९४० मध्ये स्थापन झालेल्या अहुजा कंपनीचे विवर्धक देशभर सभा-समारंभांत वापरले गेले. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने ईसीसी ८३ आणि ईएल ८४ सारख्या नळ्या देशातच बनविल्या. तिची इंग्रजी आद्याक्षरे छापलेल्या न वापरलेल्या नळ्यांना आज परदेशांतही गिऱ्हाईक आहे.

तारवाद्याला वीज जोडण्याची मराठी मुलखातली स्वतःची परंपराही आहे. जपानमध्ये १९१२ मध्ये नागोया येथे तयार झालेले, टाइपरायटरसारख्या कळा असलेले ताइशोगोतो हे वाद्य भारतात ‘बुलबुल तरंग’ झाले आणि मराठीत ‘बेंजो’. अमेरिकन बँजोशी त्याचा नावापलीकडे संबंध नाही. मिरवणुकीच्या गोंगाटात ते ऐकू यावे म्हणून त्याला पिकअप बसवून ते विवर्धकाला जोडले जाऊ लागले आणि मुंबई-कोकणात ‘बेंजो पार्टी’ उभी राहिली. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये याच विषयावर ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट काढला. चुंबक, पोलादी तार आणि विवर्धक ही त्रयी पाहता विजेवरचा बेंजो इलेक्ट्रिक गिटारचा सख्खा भाऊच ठरतो.

भोंग्याचा विवर्धक गिटारला चालेल का?

जुना सार्वजनिक ध्वनिक्षेपकाचा विवर्धक हाती आलेल्या तरुण वादकाचा हा पहिला प्रश्न असतो. उत्तर होकारार्थी आहे, पण तीन अटींवर. पहिली अट प्रवेशाची. ध्वनिग्राहकाचा रोध कमी असतो, तर गिटारला सुमारे दहा लाख ओहम रोधाचा प्रवेशमार्ग लागतो. तो नसेल तर आवाज मंद आणि बोथट येतो. दुसरी अट निर्गमाची. भोंग्यांच्या लांब तारांसाठी या विवर्धकांवर १०० व्होल्टची स्वतंत्र जोडणी असते. गिटारच्या ध्वनिक्षेपकासाठी ती न वापरता ४, ८ किंवा १६ ओहमची जुळणारी जोडणीच वापरावी लागते. तिसरी अट सर्वांत महत्त्वाची : ध्वनिक्षेपक जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचा विवर्धक चालवू नये. भार नसताना निर्गम ट्रान्सफॉर्मरमध्ये उच्च दाब साचतो आणि तो जळू शकतो. नळी बदलता येते. जुन्या मापाचा ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून देणारे कारागीर मात्र कमी होत चालले आहेत.

जिवाची काळजी

व्हॉल्व्हच्या विवर्धकात नळ्यांना ३०० ते ४५० व्होल्टचा एकदिश दाब दिलेला असतो. तो साठवून ठेवणारे कंडेन्सर प्लग काढल्यानंतरही भरलेले राहू शकतात आणि त्यांचा धक्का प्राणघातक ठरू शकतो. म्हणून पेटी उघडण्यापूर्वी जाणकाराने योग्य रोधातून कंडेन्सर रिकामे करून मीटरने खात्री करून घेणे आवश्यक असते. पेचकसाने अग्रे जोडून ठिणगी पाडण्याची सवय यंत्रालाही घातक आणि माणसालाही.

वर्षानुवर्षे पडून राहिलेला विवर्धक थेट विजेला जोडणे ही दुसरी चूक. जुन्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमधील द्राव सुकलेला असतो. दुरुस्तीच्या दुकानांतील सिरीज बल्बच्या फळीवर विवर्धक प्रथम चालवून पाहिला की आत शॉर्ट असल्यास बल्ब प्रखर पेटतो आणि यंत्र वाचते. डिमरस्टॅटने दाब हळूहळू वाढविणे हा आणखी एक मार्ग. कंडेन्सर बदलणे हा मात्र बहुतेक वेळा अटळ खर्च होय.

अमेरिकन विवर्धक १२० व्होल्टचे असतात. आपल्याकडील २३० व्होल्टवर ते चालविण्यासाठी पुरेशा क्षमतेचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर हवा. त्यांची रचना ६० हर्ट्‌झसाठी असल्याने ५० हर्ट्‌झवर त्यांचा मूळ ट्रान्सफॉर्मर अधिक तापतो, हेही ध्यानात ठेवावे. जुन्या अमेरिकन यंत्रांना दोनच पिनांचा प्लग आणि पेटी व विजेची तार यांमध्ये एक कंडेन्सर असे. तो निकामी झाल्यास गिटारच्या तारांपर्यंत वीज पोहोचू शकते. तीन पिनांची तार आणि पक्के अर्थिंग हा त्यावरचा उपाय. ‘मूळ स्वरूप जपायचे’ म्हणून हा बदल टाळणे जोखमीचे आहे. अनुभवी संग्राहक त्याला किंमत कमी करणारा बदल मानत नाहीत.

कोरडे ऊन आणि दमट वारा

लाकडी वाद्याला साधारण ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. पांढुर्णा-सौंसरच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा अतिशय कोरडी होते. लाकूड आकसून गिटारच्या मानेच्या कडेला पट्ट्यांची टोके बोटांना टोचू लागतात. कुलरच्या थेट झोताखाली वाद्य ठेवल्यास दिवसातून अनेकदा आर्द्रता बदलते. ते अधिक वाईट. गोव्यातील संकट नेमके उलटे. पावसाळ्यात तारा आणि पिकअपचे स्क्रू गंजतात, ध्वनिक्षेपकाच्या कागदी पडद्याला बुरशी धरते, नळ्यांच्या बैठकीत काजळी येऊन आवाज खरखरतो. दोन्हीकडे उपाय साधेच आहेत : वाद्य बंद पेटीत ठेवणे, पेटीत स्वस्त आर्द्रतामापक ठेवणे, ओल शोषणाऱ्या पुड्या वेळेवर बदलणे आणि विवर्धक आठवड्यातून एकदा तासभर चालविणे.

संग्राहकाने काय पाहावे

जुन्या वस्तूचे वय विक्रेत्याच्या शब्दावर ठरवू नये. अमेरिकन गिटार आणि विवर्धकांतील आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणांच्या मागे अंकांचा शिक्का असतो. त्यातील पहिले तीन अंक उत्पादकाचे, पुढचे वर्षाचे आणि आठवड्याचे. उदाहरणार्थ १३७६६२२ म्हणजे सीटीएस कंपनीने १९६६च्या बाविसाव्या आठवड्यात बनविलेला भाग. यावरून वस्तू त्याआधीची नाही एवढे नक्की ठरते. नंतरची मात्र असू शकते. फेंडर कंपनी १९६५ मध्ये सीबीएस या प्रसारण कंपनीने विकत घेतली आणि त्यापूर्वीच्या वस्तूंना संग्राहक वेगळा भाव देतात. साहजिकच बनावट वस्तूही याच काळाच्या नावाने अधिक विकल्या जातात.

लाकडाचाही कायदा आहे. गिटारच्या मानेवर वापरले जाणारे शिसवी लाकूड भारतातील सह्याद्री आणि मध्य भारताच्या जंगलांतही होते. ब्राझीलची शिसवी १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारासाठी सर्वाधिक कडक संरक्षणाच्या यादीत आहे. २०१७ मध्ये भारतीय शिसवीसह त्या कुळातील इतर जातींवरही बंधने आली. २०१९च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यांतून सूट मिळाली. ही सूट ब्राझीलच्या लाकडाला लागू नाही, म्हणून जुन्या गिटारी देशाबाहेर नेताना कागदपत्रे तपासावी लागतात.

नळ्यांचा पुरवठाही मोजक्या हातांत आहे. रशियातील सारातोव्ह, स्लोव्हाकियातील चाद्सा आणि चीन येथील कारखान्यांवर आज जगातील बहुतेक गिटारवादक अवलंबून आहेत. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर रशियन नळ्यांचा पुरवठा काही काळ खंडित झाला, तेव्हा भाव वाढले आणि वादकांना साठे करावे लागले.

वाजवायचे किती मोठ्याने?

व्हॉल्व्हचा खरा स्वर आवाज वाढविल्यावर खुलतो आणि येथेच शेजाऱ्यांशी गाठ पडते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे. घरासाठी ५० वॉटच्या विवर्धकापेक्षा एकाच शक्तिनळीचा ५ वॉटचा विवर्धक शहाणपणाचा. तो कमी आवाजातही नळीवर ताण आणतो आणि हवा तो स्वर देतो.

जुना विवर्धक विकत घेणाऱ्याला बहुधा गिटारची ओढ असते. तो विकणाऱ्याला माळा रिकामा करायचा असतो. या दोघांच्या मध्ये उभा असतो तो रेडिओ दुरुस्त करणारा म्हातारा कारागीर, ज्याला मंडल पाहूनच दोष कळतो आणि जो ट्रान्सफॉर्मर हाताने गुंडाळतो. पांढुर्णा, सौंसर, नागपूर, मडगाव वा म्हापसा, कुठेही हे चित्र फारसे वेगळे नाही. यंत्रे अजून माळ्यांवर सापडतील आणि नळ्या परदेशांतून मागविता येतील. कारागिराच्या हातचे ज्ञान मात्र कोणी शेजारी बसून शिकले तरच उरेल. संग्रह करू इच्छिणाऱ्याने पहिला फेरफटका बाजारात मारण्याऐवजी अशा दुकानात मारावा, आणि पेटी उघडण्यापूर्वी ती उघडायला शिकावे.